हाताची ओळख

आमच्या खानदेशात कुत्र्याच्या पुढ्यात भाकरी पडते, पण त्याच्या अंगावरून हात फिरत नाही. पहिली भाकरी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, हा नेम अजूनही कितीतरी घरांत पाळला जातो. दत्तगुरूंच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना आपण वेद मानून हात जोडतो. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतोच. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट ऐकून आपले डोळे पाणावतात. पण दारातलं जितंजागतं कुत्रं शेपटी हलवत पायाशी आलं, की तोंडातून पहिला शब्द निघतो तो म्हणजे ‘हाड!’ तो शब्द आपण रागानं म्हणतो असंही नाही. सवयीनं म्हणतो. कुत्रं राखणीला असावं, दाराबाहेर असावं आणि हातभर लांब असावं, अशी आपली साधी वाटणी आहे.

मी फैजपूरला राहतो. सातपुड्याच्या पायथ्याचं, यावल तालुक्यातलं, केळीच्या बागांनी वेढलेलं हे गाव. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथं झालं, पंडित नेहरू त्याचे अध्यक्ष होते, एवढं शाळेच्या पुस्तकामुळे पुष्कळांना ठाऊक असतं. अशा ऐतिहासिक गावातल्या माणसानं रविवारच्या पुरवणीत कुत्र्याच्या आंघोळीवर आणि नखं कापण्यावर लिहावं, याचं काही वाचकांना हसू येईल. येऊ द्या. कादंबऱ्या लिहिणारा माणूस आधीच थोडा रिकामटेकडा समजला जातो. त्यात मी बँकेतून निवृत्त झालेला. पण हा विषय वाटतो तितका हौशी नाही. त्यात एका जिवाचं, आणि कधीकधी माणसाच्याही जिवाचं, बरंवाईट अडकलेलं असतं. ते कसं, ते सांगतो.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या मळ्यात वाघ्या नावाचा कुत्रा होता. तांबूस रंगाचा, उभ्या कानांचा, पाचेक वर्षांचा अस्सल गावठी गडी. रानडुकरांचा कळप केळीत शिरला की हा एकटा आकाश डोक्यावर घ्यायचा. मालकाला त्याचा भारी अभिमान. कोणी पाहुणा मळ्यात आला, की ते हमखास सांगायचे, “नाना, हे कुत्रं कोनालेच हात लावू देत नही!” यात तक्रार नव्हती, कौतुकच होतं. राखणीचं कुत्रं असंच असावं, असं सगळ्यांनाच वाटायचं. खरी गोष्ट अशी की, ते मालकालाही हात लावू द्यायचं नाही. भाकरी टाकायची, मागं सरायचं, मग ते पुढं येऊन खायचं. पाच वर्षं हा व्यवहार बिनबोभाट चालला.

पावसाळ्याच्या अखेरीस वाघ्याची दुसऱ्या कुत्र्यांशी झटापट झाली आणि कानाखाली दात लागला. जखम लहानच होती. पण दमट हवा, माश्या आणि केसांखाली झाकलेलं तोंड. चार दिवसांत तीत अळ्या पडल्या. वाघ्या मान वाकडी करून चालू लागला, मातीत डोकं घासू लागला. मालकाने जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मळ्यात आणलं. डॉक्टर जाणते होते. अळ्या काढायच्या, जखम धुवायची, मलम भरायचं, इंजेक्शन द्यायचं. तसं पाहिलं तर अर्ध्या तासाचं काम. पण हे सगळं करायला कुत्रं हाताशी तर हवं! गोणपाट टाकून पाहिलं, दोरीचा फास टाकून पाहिला. त्या धांदलीत वाघ्यानं सालदाराच्या मनगटाचा चावा घेतला आणि तो केळीत शिरला. डॉक्टर हात धूत मालकाला म्हणाले, “औषध माझ्याजवळ आहे, पण कुत्रा तुमच्याजवळ नाही.” तिसऱ्या दिवशी वाघ्या पाटाच्या कडेला मरून पडलेला सापडला. सालदाराला पुढे रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली.

जे वाक्य पाच वर्षं वाघ्याचं कौतुक म्हणून सांगितलं जात होतं, त्याच वाक्यानं त्याचा जीव घेतला. ‘हात लावू देत नाही.’

गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, हाच शेतकरी बैलाच्या बाबतीत असं कधीच होऊ देणार नाही. माझी नोकरीची पुष्कळ वर्षं ग्रामीण शाखांमध्ये गेली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम १९८० पासून देशभर सुरू झाला आणि १९९९ पर्यंत चालला. त्या काळात बैलजोडीची आणि दुभत्या जनावरांची कर्जं किती वाटली, याची गणती नाही. कर्ज दिलं की जनावर पाहायला जायचं. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे चालत. पण सौद्याच्या आधी गिऱ्हाईक काय करायचं? बैलाचा जबडा उघडून दात मोजायचं: दोनदाती, चारदाती, सहादाती. मग खांद्यावरून हात फिरवायचा, शेपटी उचलायची, खूर हातात धरून पाहायचा. विम्यासाठी कानात बिल्ला ठोकायचा असे. जो बैल हे सगळं मुकाट्यानं करू देई, त्याची किंमत चार पैसे जास्तच येई. बुजणारा, लाथ झाडणारा बैल अंगानं कितीही भरलेला असला तरी गिऱ्हाईक मागं सरायचं.

अंग हाताळू देण्याचा हा गुण बैल जन्मताना घेऊन येत नाही. गोऱ्हा लहान असतो तेव्हाच शेतकरी येता-जाता त्याच्या पाठीवर थाप मारतो, गळ्याखाली खाजवतो, कान ओढतो, पाय उचलून बघतो. घरातली पोरं त्याच्या गळ्यात पडतात. पुढे त्याला मोठ्या बैलाच्या संगतीनं हळूहळू जुवाची ओळख होते. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद-तुपाचा हात खांद्यावर पडतो तेव्हा बैल डोळे मिटून उभा राहतो, आणि श्रावणी अमावस्येला नदीवर अंग घासताना, शिंगं रंगवताना, झूल घालताना तो शहाण्या मुलासारखा सगळं करून घेतो. एवढ्या मोठ्या धुडाला ताकदीच्या जोरावर कोणी आंघोळ घालू शकत नाही. ती आंघोळ तो घालू देतो, कारण ती त्याला लहानपणापासून ठाऊक असते.

मग प्रश्न पडतो तो हा: गोऱ्ह्याच्या बाबतीत जे शहाणपण आपल्या रक्तात आहे, ते कुत्र्याच्या पिलाच्या बाबतीत कुठं जातं?

आपले जुनेजाणते जे अनुभवानं सांगत, ते शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या बाबतीत तपासून पाहिलं आहे. अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बर इथं जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तिथं फ्रीडमन, किंग आणि इलियट या तिघांनी केलेला एक प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. उंच कुंपणाच्या मोकळ्या जागेत पिलं आपापल्या आईजवळ वाढवली. माणूस त्यांच्या दृष्टीलाही पडू दिला नाही. मग काही पिलं दुसऱ्या आठवड्यात, काही तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात अशी बाहेर आणली, त्यांना आठवडाभर माणसाचा सहवास दिला आणि परत सोडलं. उरलेल्या काहींना चौदा आठवडे माणूस दिसलाच नाही. शेवटी सगळ्यांची परीक्षा घेतली, तेव्हा ही शेवटची पिलं रानातल्या जनावरासारखी निघाली. पुढे कितीही माया केली तरी त्यांचा बुजरेपणा पुरता जाईना. उलट योग्य वयात फक्त एक आठवडा माणसात राहिलेली पिलं सहज जवळ येत होती. त्याच प्रयोगशाळेतल्या स्कॉट आणि फुलर या दोघांनी कुत्र्याच्या स्वभावावर लिहिलेला मोठा ग्रंथ १९६५ साली निघाला. आजही या विषयाचे अभ्यासक त्याचा आधार घेतात.

सारांश असा की, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिलाच्या मनाचं दार सताड उघडं असतं. या काळात जे भेटेल ते ‘आपलं’. माणसाचा हात, लहान मुलांचा कलकलाट, फणी, पाणी, कात्रीचा आवाज, मिक्सरची घरघर. जे जे या दिवसांत सौम्यपणे समोर येतं, त्याची भीती पुढे वाटत नाही. त्यानंतर दार बंद होतं असं नाही, पण ते लोटावं लागतं, आणि दर महिन्याला जरा जास्तच जोर लावावा लागतो. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर ही रिकरिंग ठेव आहे. हप्ता अगदी लहान, रोजचा दोन-तीन मिनिटांचा. पण सुरुवात वेळेवर झाली तर जन्मभर व्याज मिळतं.

वाघ्या गेल्यावर त्या शेतकऱ्यानं दुसरं पिलू आणलं. आईपासून लवकर तोडू नका, आठ आठवडे तरी तिच्याजवळ राहू द्या, एवढं मात्र मी आग्रहानं सांगितलं होतं आणि त्यांनी ते ऐकलं. आईचं दूध तर असतंच, पण किती जोरात चावायचं नाही, हे पिलू भावंडांकडूनच शिकतं. पिलाचं नाव ठेवलं लाल्या. माझी नात तेव्हा सुट्टीसाठी आली होती. ती, शेतकऱ्याची दोन नातवंडं आणि मी, असं आमचं एक मंडळच तयार झालं. डॉक्टरांनी सांगितलेली रीत आम्ही रोज संध्याकाळी पाळायचो. ती सोपी आहे. कुठल्याही घरात जमेल.

पहिले चार दिवस कुठलीही वस्तू हातात घेतली नाही. पिलू खेळून दमलं, जरा सुस्तावलं, की त्याच्या छातीवरून, मानेवरून हात फिरवायचा आणि लगेच खाऊ द्यायचा. खाऊ म्हणजे बाजारातलं महागडं काही नव्हे. केळीच्या गावात खाऊची काय वाण? बोटाच्या पेराएवढा केळीचा तुकडा, नाहीतर उकडलेल्या अंड्याचा, भाकरीचा कण. मग कानाची पाळी हळूच उचलायची, आत पाहायचं, खाऊ द्यायचा. पंजा एका हातात धरायचा, एक-दोन मोजायचं, सोडायचा, खाऊ द्यायचा. ओठ वर करून दात पाहायचे, खाऊ द्यायचा. शेपटी, पोट, बोटांमधली जागा. एका वेळी एकच गोष्ट, आणि पिलू कंटाळायच्या आत थांबायचं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. त्याची आठवण गोड असतानाच खेळ संपवला पाहिजे.

पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाचं नाव मुलांना पुस्तकात भेटतंच. अन्नाच्या आधी एक ठरावीक आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला, की पुढे नुसत्या आवाजानंही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे त्यानं दाखवलं. इथंही तेच. आधी स्पर्श, पाठोपाठ खाऊ. थोड्याच दिवसांत स्पर्श हीच खाऊची वर्दी होते. क्रम मात्र उलटा करू नये. आधी खाऊ दाखवून, कुत्रं जवळ आलं की गचकन पकडून आंघोळ घातली, तर ते खाऊलाच घाबरायला लागतं. माणसाचंही तसंच असतं म्हणा. गोड बोलून फसवणाऱ्याचं पुढचं गोड बोलणंही आपण संशयानंच ऐकतो.

मग एकेक वस्तूची ओळख. फणी आधी जमिनीवर ठेवून लाल्याला हुंगू दिली. मग तिची पाठ त्याच्या अंगावरून फिरवली, आणि तिसऱ्या दिवशी दात. नखं कापायचं यंत्र आठवडाभर नुसतं शेजारी ‘कट्‌कट्’ वाजवलं. पहिल्या दिवशी एकच नख कापलं, तेही अगदी टोक. नखाच्या आत रक्ताची शीर असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्या नखात दिसत नाही. म्हणून थोडं थोडंच कापायचं. मातीत पळणाऱ्या कुत्र्याची नखं आपोआप झिजतात. फरशीवर राहणाऱ्याची झिजत नाहीत. आणि पायाच्या आतल्या अंगाला वर जो अंगठा असतो, त्याचं नख जमिनीला टेकतच नाही. ते वळून मांसात रुतल्याची उदाहरणं जनावरांच्या प्रत्येक डॉक्टरानं पाहिलेली असतात.

पिलाला नको वाटतंय हे ते आधी सांगतं. आपल्याला ती भाषा वाचता यायला हवी. तोंड फिरवणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, पुन्हा पुन्हा ओठ चाटणं, कान मागे पाडणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, अंग एकदम ताठ करणं. या सगळ्या खुणा आहेत. यांतली एकही दिसली तर हात मागं घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या एक पायरी आधीपासून सुरुवात करायची. आणि गुरगुरणाऱ्या कुत्र्याला कधीही मारू नये. गुरगुरणं म्हणजे नोटीस. बँकसुद्धा जप्तीच्या आधी नोटीस पाठवते! नोटीस पाठवल्याबद्दलच मार बसायला लागला, तर कुत्रं नोटीस देणं बंद करतं आणि एक दिवस सरळ चावतं. मग आपण म्हणतो, ‘काही कारण नसताना चावलं.’

लहान मुलांनी हे सगळं मोठ्यांच्या देखतच करायचं, हा नियम आमच्या मंडळात कडक होता. कुत्रं जेवत असताना, झोपलेलं असताना किंवा पिलांजवळ असताना त्याच्या अंगाला हात लावायचा नाही, हाही. आठ दिवसांत मुलांमध्ये जो फरक पडला, तो मला लाल्याच्या प्रगतीपेक्षाही मोलाचा वाटला. एरवी दगड उचलणारी ती पोरं, ‘आज त्यानं दोनदा ओठ चाटले, आज पुरे,’ असं एकमेकांना बजावू लागली. दुसऱ्या जिवाला काय वाटतंय याचा अंदाज घेणं, हे शिक्षण कुठल्या शाळेत मिळतं?

आता आंघोळीविषयी. कुत्र्याला आपल्यासारखी रोजची आंघोळ लागत नाही; तिनं त्याच्या कातडीचा नैसर्गिक तेलकटपणा जातो आणि खाज सुटते. साधारण तीन-चार आठवड्यांनी, किंवा अंग मळलं-वासलं तर, एवढं पुरे. आपला अंगाचा साबण किंवा शाम्पू त्याला चालत नाही, कारण त्याच्या कातडीची घडण वेगळी असते, जनावरांसाठीचाच वापरावा. पाणी कोमट, कानात जाणार नाही असं, आणि वेळ उन्हाची. पहिल्या काही वेळा तर रिकाम्या घमेल्यात नुसतं उभं करून खाऊ द्यावा. मग पायापुरतं पाणी, मग अंगावर तांब्या. विंचरणं मात्र जास्त वेळा हवं. आखूड केसांच्या गावठी कुत्र्याला आठवड्यातून एक-दोनदा, लांब केसांच्याला रोज. दातांना आपली टूथपेस्ट लावू नये, ती त्याच्या पोटात जाते. कुत्र्यांसाठीची वेगळी मिळते. पिलाचे २८ दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ पक्के दात येतात. त्या दिवसांत हिरड्या दुखऱ्या असतात, तेव्हा तोंडाला हळुवारपणे हात लावावा. खाऊ म्हणून चॉकलेट, द्राक्षं, मनुका आणि कांदा चुकूनही देऊ नये; त्याला ते विषासारखे आहेत.

नव्वदच्या दशकात आमच्या इकडे ज्याच्या-त्याच्या घरी पांढरं पॉमेरियन दिसायचं. आता जळगाव-भुसावळच्या बंगल्यांत थेट सायबेरियातला हस्की दिसतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या मुलखात या बिचाऱ्यांचे हाल विचारू नका. पण ऊन वाढलं म्हणून त्याचे केस मुळापासून भादरू नयेत. दुहेरी केसांचा तो थर उन्हालाही काही प्रमाणात अडवतो. रोज विंचरून आतले सुटे केस काढावेत, सावली आणि पाणी द्यावं. आणि अशा जातीचं पिलू आणणाऱ्यानं रोजचं विंचरणं हा त्याच्या खाण्याइतकाच खर्चाचा भाग धरावा. गुंता झालेल्या केसांखाली कातडी सडते, आणि तोवर कुत्रं हात लावू देईनासं झालेलं असतं.

हे सारं सौंदर्यासाठी नाही. हात फिरतो तेव्हा हात पाहत असतो. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या झंजीरचं नाव पुष्कळांना आठवत असेल. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात त्यानं हुडकलेल्या स्फोटकांमुळे कितीजणांचे प्राण वाचले असतील! २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. पोलीस आणि लष्कराच्या पथकांत प्रत्येक कुत्र्याला त्याचा सांभाळणारा जवान रोज विंचरतो, आणि विंचरता विंचरता गाठ, जखम, काटा, गोचीड, कानातला वास तपासतो. ती रोजची तपासणी असते आणि दोघांमधला विश्वासही त्यातूनच घट्ट होतो.

गोचिडांचं तर विशेष सांगायला हवं. एक मादी हजारो अंडी घालते. गोचिडांमधून कुत्र्याच्या रक्तात जे आजार शिरतात, त्यांत ताप येतो, रक्त कमी होतं, नाकातून रक्त येतं आणि चांगलं धडधाकट कुत्रं पंधरवड्यात जातं. गोचीड बसते कुठं? कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली. म्हणजे जिथं हात लावू देण्याची सवय लागलेली नसते, नेमकं तिथंच! मग काही शेतकरी वैतागून केळी-कपाशीवर फवारायचं औषध कुत्र्याच्या अंगावर ओततात, कोणी रॉकेल चोपडतात. गोचिडांबरोबर कुत्रंही मरतं. चिमट्यानं गोचिडीला कातडीलगत धरून सरळ ओढायचं, बोटांनी चिरडायचं नाही आणि औषध डॉक्टर सांगतील तेच घालायचं. पण यातलं काहीही करायला कुत्र्यानं स्थिर उभं राहायला हवं.

आणि शेवटी रेबीज. हा रोग एकदा लक्षणं दाखवू लागला, की माणूस असो वा कुत्रा, तो वाचत नाही असंच समजावं. लुई पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ माइस्टर या मुलाला पहिल्यांदा लस दिली. म्हणजे उपाय हाती येऊन १४० वर्षं झाली. पिलाला तीन महिन्यांचं झाल्यावर ही लस द्यायची, मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, बहुधा दर वर्षी. मात्र जे कुत्रं धरताच येत नाही, त्याला टोचणार कसं? मळ्यांतली, वाड्यांतली कितीतरी राखणीची कुत्री निव्वळ याच कारणानं बिनलशीची राहतात, आणि त्याच अंगणात आपली नातवंडं खेळतात. कुत्रं चावलंच, तर जखमेत तिखट-हळद भरत बसू नये. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कुणी विचारील, आमचा कुत्रा तर चार वर्षांचा झाला, आता काय? आताही करता येतं. फक्त आठवड्याचं काम महिन्यांवर जातं. रीत तीच. जबरदस्ती नाही, घाई नाही. चावण्याची भीती असेल तर मुसकं वापरावं. मळणीच्या वेळी बैलाला आपण बांधतोच की! तेसुद्धा एकदम न चढवता, आत खाऊ ठेवून त्याला स्वतःहून तोंड घालू द्यावं. आणि फारच अवघड असेल, तर डॉक्टर गुंगीचं औषध देऊन काम करू शकतात.

लाल्या आता वर्षाचा झाला आहे. तो राखणीला ढिला पडेल, अशी मालकाला पहिल्यापासून धास्ती होती. ती फोल ठरली. परका माणूस बांधावर आला तर तो पूर्वीच्या वाघ्याइतकाच भुंकतो. ओळखीच्या हाताला मान देणं आणि अनोळखी पावलावर भुंकणं, या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात एकमेकींच्या आड येत नाहीत. मध्यंतरी त्याच्या पंजात बाभळीचा काटा मोडला. मालकानं बांधावर बसून त्याचा पाय मांडीवर घेतला, नातवाने केळाचा तुकडा पुढं धरला आणि सुईनं काटा काढला. लाल्या एकदा ओठ चाटून गप्प बसला. मला हे सांगताना ते हसून म्हणाले, “नाना, जनावराले हाताची सवय पाह्यजे, हे बैलाचं मले ठाव होतं. कुत्र्याचंबी तसंच ऱ्हायतं, हे कोनी सांगितलंच नही.”

म्हणून हे सांगणं. पावसाळा सरला की आपल्याकडे गावठी कुत्र्या विऊ लागतात. येत्या थंडीत तुमच्या गल्लीत, गोठ्यात, एखाद्या बंद दुकानाच्या पायरीखाली चार-सहा पिलं डोळे उघडतील. त्यांतलं एखादं तुमच्या दाराशी राहणार असेल, तर कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा आणि तिथून आठवडे मोजा. आई जवळ असेल तर तिचा आधी विश्वास मिळवा. मग रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, दोन मिनिटं काढा. हात स्वच्छ धुवा, खिशात भाकरीचा एक तुकडा ठेवा आणि उकिडवे बसा. बाकीचं ते पिलूच तुम्हाला शिकवील.